भोंगा कोण वाजवतो

तीन वर्षांपूर्वीचा सतरा ऑक्टोबर. सात जीव.

चौकशी समितीचा अहवाल अकरा पानांचा आहे. त्यात या सात जणांचे वय, हुद्दा आणि कामाची पाळी यांची नोंद आहे, आणि ज्या घटनेत ते गेले तिचे वर्णन एका वाक्यात आटोपले आहे : "दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी भोंगा वाजला व कामगार फाटकाकडे आले." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. 'वाजला' या क्रियापदाला भोंगा पुरतो, माणूस लागत नाही. शीतगृहाशेजारची वस्तीही तीन वर्षे हेच वाक्य बोलत आली. भोंगा वाजला, माणसे आली, वायू आला, माणसे गेली.

ज्या बाईंनी तो भोंगा वाजवला, त्यांची ही हकिगत आहे.

शीतगृहाच्या फाटकाशी वजनकाट्याची खोली आहे. मालाने भरलेली गाडी काट्यावर उभी राहते, चालक खिडकीतून कागद आत सरकवतो, आणि आत बसलेल्या बाई आधी भरल्या आणि मग रिकाम्या गाडीचे वजन लिहून घेतात. बावीस वर्षे हे काम करणाऱ्या बाईंना वस्तीत नावाने कुणी ओळखत नाही. त्या काटेबाई. गाडीचे चालक म्हणत, की काटेबाई नवऱ्यालासुद्धा भरलेला आणि रिकामा असा दोनदा तोलल्याशिवाय घरात घेत नाहीत. बाईंच्या कानावर हे आले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "रिकामा असला की वजन जास्त भरतं त्यांचं. तक्रारीचं वजन असतं ते."

त्याच खोलीत, बाईंच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, भोंग्याचे बटण होते. सकाळी आठ, दुपारी बारा, साडेबारा आणि चार. दर वेळी एक लांब भोंगा. त्याला दुसरी भाषाच नव्हती. वस्तीत बहुतेकांची समजूत होती, की तो घड्याळाला जोडलेला आहे. बावीस वर्षांत बाईंनी त्याची वेळ एका मिनिटानेही चुकवली नव्हती, त्यामुळे ही समजूत पक्की झाली होती.

त्या दिवशी यंत्रघरात अमोनियाची नळी फुटली. पाळीच्या अभियंत्याने काट्याच्या खोलीत फोन केला आणि दोन शब्द उच्चारले : "भोंगा द्या." बाईंनी दिला, रोजच्यासारखाच लांब. मागच्या शेडमध्ये माल निवडणारे कामगार तोवर सुरक्षित होते. वीस मिनिटे आधी सुट्टी झाली असे समजून ते डबे उचलून निघाले. आज साहेबांना पाझर फुटला, असे कुणीतरी म्हणालेही. फाटकाशी झडतीची रांग लागली. वारा यंत्रघराकडून फाटकाकडे वाहत होता. गाड्यांची धूळ येते म्हणून बाईंची खिडकी बंद असे. त्या वाचल्या.

समितीने त्यांना एका बंद खोलीत दोन प्रश्न विचारले आणि तुमचा दोष नाही म्हणून सांगितले. अभियंत्याचाही नव्हता. व्यवस्थापकाचाही नव्हता. लहान मुलांच्या खेळात एखाद्या चिमुरड्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात. तो खेळतो, पण कधी बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. त्या संध्याकाळी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "समितीनं सगळ्यांनाच लिंबूटिंबू केलं. मग राज्य होतं कुणावर?"

सात महिन्यांनी शीतगृह पुन्हा सुरू झाले. नळ्या नव्या आल्या, भोंगा तोच राहिला. बाईंनी व्यवस्थापकाकडे अर्ज केला : धोक्यासाठी वेगळा आवाज हवा, त्याचे वेगळे बटण हवे आणि वारा कुठे वाहतो हे दाखवणारे निशाण छपरावर हवे. उत्तर आले, आपल्या अर्जाची नोंद घेतली आहे. दुसऱ्या वर्षी तोच अर्ज, तेच उत्तर. तिसऱ्या वर्षीही तसेच. बाईंच्या आयुष्यात आता एकच गोष्ट व्हायची राहिली होती आणि ती त्यांना नेमकी माहीत होती : दुसरे बटण. ते बसेपर्यंत पुढची नळी फुटली तर त्यांना पुन्हा तेच एक बटण दाबावे लागणार होते.

त्यांची भाची दुसऱ्या शहरात संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या कंपनीत नोकरी करते. चार दिवस मावशीकडे राहायला आली असताना भाजी निवडता निवडता ती सांगू लागली, की हल्ली तरुण मुलांना दोन दिवस एकत्र बसवतात, समाजातला एखादा प्रश्न देतात आणि त्यावर खेळ तयार करायला लावतात.

"मग त्या खेळांचं काय करतात?" बाईंनी विचारले.

"बक्षीस देतात. फोटो काढतात."

"आणि प्रश्नाचं?"

"तो ठेवतात जपून. पुढच्या वर्षी लागतो ना."

बाई हसल्या नाहीत. "खेळताना माणूस चुकला, तर त्याला कळतं का, आपण चुकलो ते?"

"लगेच कळतं. वाचताना मान हलवून पुढे जाता येतं, मावशी. खेळात हरावंच लागतं."

"मग मला एक माणूस हरवायचाय," बाई म्हणाल्या. "तीनदा नोंद घेऊन बसलाय तो."

पुढचे सहा आठवडे बाईंनी हे काम काट्यावरच्या शिस्तीने केले. वस्तीच्या वाचनालयाचे सभागृह शनिवार-रविवारसाठी मिळवले. बंद पडलेल्या एका टंकलेखन वर्गाचे नऊ संगणक हातगाडीवरून आणले आणि प्रत्येकाची धूळ पुसून, तो चालू करून पाहून वर चिठ्ठी चिकटवली : चालतो, चालतो पण कुरकुरतो, मारल्यावर चालतो. पंधरा ते एकवीस वयाची चोवीस मुले-मुली जमवली. त्यासाठी त्या घरोघर गेल्या. आया विचारत, "बाई, खेळ खेळून काय मिळणार?" बाई सांगत, "खेळायचा नाहीये, करायचाय. तुमची मुलगी रोज स्वयंपाक करते, तेव्हा तुम्ही म्हणता का, की खाते आहे?"

व्यवस्थापकांना त्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले नाही. परीक्षक म्हणून बोलावले. भाचीने कारण विचारले.

"पाहुणा भाषण करून निघून जातो. परीक्षकाला खेळावं लागतं."

सभागृहातल्या विजेचे काम नवऱ्याकडे होते. ते निवृत्त वायरमन. शिडीवरून त्यांनी जुन्या तारा पाहिल्या आणि जाहीर केले, "नऊ संगणक आणि चार पंखे यावर चालायचे नाहीत. वारा खायचाय की जग सुधारायचंय, ते एकदा ठरव."

"दोन पंखे बंद ठेवा."

"आणि जग?"

"जग चालू राहू द्या, अहो. त्याला फार वीज लागत नाही."

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही संगणक सुरू झाला नाही. बाईंनी सभागृहासमोरच्या फरसबंद अंगणात खडूने शीतगृहाचा नकाशा आखला. अंतरे त्यांनी आधीच पावलांनी मोजून ठेवली होती : शेडपासून फाटक एकशे चाळीस पावले, यंत्रघरापासून फाटक साठ. एका कोपऱ्यात टेबलपंखा ठेवला. तो यंत्रघर, आणि त्याचा वारा तोच वायू. प्रत्येकाच्या हातात कागदाची एकेक पट्टी दिली. पट्टी फडफडली, की तो मेला. दोन दिवसांसाठी विषय एकच होता, फळ्यावर दोन शब्दांत लिहिलेला : पळायचं कुठे?

"बाई, आम्ही संगणकासाठी आलोय," एक जण कुरकुरला. "आम्हाला काय लंगडी घालायला बोलावलंय?"

"संगणक कुठं पळून जातोय? पाय तुला आहेत. आधी तू पळ."

तो पळाला, सरळ फाटकाकडे, आणि पंधराव्या पावलाला त्याची पट्टी फडफडली. दुसरा वाऱ्याच्या पुढे पुढे धावला आणि तोही मेला. चौथ्या-पाचव्या डावाला एक मुलगी वाऱ्याला आडवी निघाली, कुंपणाच्या बाजूने लांबचा वळसा घालून बाहेर पडली, आणि तिची पट्टी हलली नाही. यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; सगळे तिच्या मागोमाग त्याच वाटेने एकदा चालून आले. ज्ञान डोक्यात शिरण्यापूर्वी पायांत शिरू शकते, ही गोष्ट शिक्षणसंस्थांना सहसा मान्य नसते. त्या अंगणात ती अर्ध्या दिवसात सिद्ध झाली.

दुपारी मुले संगणकांसमोर बसली तेव्हा पहिला वाद जिवांवरून झाला.

"प्रत्येकाला तीन जीव देऊ या. सगळ्या खेळांत तीन असतात."

"इथं एक," बाई म्हणाल्या.

"मग एका मिनिटात संपेल की खेळ."

"चार मिनिटांत संपला होता."

मुलांनी एकच जीव ठेवला.

मुलांत एक जोडारीचे, म्हणजे फिटरचे, शिक्षण घेणारी मुलगी होती. तिच्या खिशात कायम पाना असे, म्हणून तिला सगळे पानाच म्हणत. तिच्या गटाचा खेळ रविवारी सकाळी सर्वांच्या आधी तयार झाला, पण त्यात काहीतरी भलतेच बिघडले होते. तिने भाचीला हाक मारली.

"ताई, आमचा खेळ कुणालाच जिंकता येत नाहीये."

"फार अवघड केलायत का?"

"सोपा आहे. तरी सगळे मरतायत. मी स्वतः केलाय, आणि मीच सहादा मेले."

भाचीने पडद्यावरच्या आज्ञा वाचल्या. पानाने लिहिले होते, की घड्याळात तीन चाळीस झाले की भोंगा वाजेल. भोंगा वाजला की सगळे फाटकाकडे येतील.

"इथंच घोडं पेंड खातंय," भाची म्हणाली. "खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. घड्याळ वाजवतंय, माणसं मरतायत, आणि खेळणारा नुसता बघत बसलाय. भोंगा कोण वाजवतं ते लिही."

"कोण म्हणजे? तो वाजतो."

"सुट्टी चारला होते ना? मग तीन चाळीसला आपोआप कसा वाजेल?"

पानाने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. तीन चाळीसला भोंगा वाजला."

या वस्तीबाहेरच्या कुणाकडून ही चूक झाली नसती. जो भोंगा जन्मापासून मिनिटाबरहुकूम ऐकला, त्याच्यामागे हात असेल अशी शंका या मुलांना येण्याचे कारण नव्हते. अहवालाचे ते वाक्य तिने जसेच्या तसे यंत्राला सांगितले होते. आणि समितीने, वस्तीने, वर्तमानपत्रांनी जे मुकाट्याने स्वीकारले, ते यंत्राच्या पचनी पडले नव्हते.

बाई मागेच उभ्या होत्या. त्या क्षणी त्यांना दुसऱ्या गटाकडे जाता आले असते.

"घड्याळावर नाहीये तो," त्या म्हणाल्या. "बटण आहे त्याचं."

"कुठं?"

"काट्याच्या खोलीत. माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला."

पानाने वळून पाहिले. "मग त्या दिवशी कुणी दाबलं?"

"मी."

शेजारच्या मुलाने कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. पानाने मात्र, जोडाऱ्याला शोभेल असा, पुढचा प्रश्न विचारला. "किती वेळ दाबलं?"

"एक लांब. रोजचा."

"वेगळा का नाही दिलात?"

"वेगळा नव्हता. अजूनही नाहीये."

पाना पडद्याकडे वळली. "मग खेळणाऱ्याला तुमच्या खुर्चीत बसवावं लागेल, बाई."

"बसव. पण खुर्ची नीट काढ. डाव्या बाजूला गाड्यांची खिडकी, समोर फोन."

भाचीने मावशीला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात नेले. "अगं, तीन वाजता साहेब येणार आहेत. त्यांना आवडायचं नाही हे. नोकरीवर येईल तुझ्या."

"वजनकाटे जगात पुष्कळ आहेत."

"आणि मुकादम? ते सगळ्या हमालांना घेऊन येतायत."

हमालांच्या मुकादमाचा धाकटा भाऊ त्या सात जणांपैकी एक होता. मुकादम रोज गाडीबरोबर काट्यावर येई, आणि बाई त्याला रोज नमस्कार करीत.

"त्यांच्यासमोरच व्हायला हवं," बाई म्हणाल्या. "बंद खोलीत मी हे एकदा सांगितलंय. तिथं सांगणं सोपं असतं, कारण तिथं कुणाचं कुणी गेलेलं नसतं. पानाला सांग, घाई करू नकोस, जेवून घे आधी."

तीन वाजता सभागृह भरले. खुर्च्या कमी पडल्या, हमाल भिंतीला टेकून उभे राहिले. व्यवस्थापक परीक्षकाचा बिल्ला लावून एकेका संगणकासमोर बसले. पहिल्या पाच खेळांत ते वाऱ्याला आडवे पळायला शिकले; दोनदा मेले, तीनदा वाचले आणि खुशीत आले. एका गटाने खेळात साहेबांचे चित्र घातले होते. त्याला काहीही विचारले तरी ते 'नोंद घेतली आहे' म्हणे. हमालांत खसखस पिकली. व्यवस्थापकांनीही, जरा उशिरा, हसून घेतले.

मग ते पानाच्या संगणकासमोर बसले. पडद्यावर काट्याची खोली होती. फोन वाजला, अक्षरे उमटली : भोंगा द्या. त्यांनी बटण दाबले. शेडमधली माणसे फाटकाकडे आली आणि मेली. खाली आकडा आला : सात.

पुन्हा डाव सुरू झाला. या वेळी त्यांनी बटण आखूड दाबले, तीन वेळा. शेडमधली माणसे थबकली, एकमेकांकडे पाहू लागली, आणि काय झाले ते बघायला फाटकाकडेच आली. सात. तिसऱ्या डावात त्यांनी बटण दाबलेच नाही. शेड सुखरूप राहिली, पण यंत्रघराशेजारी गाडी भरणाऱ्यांना कुणीच सावध केले नव्हते. नऊ. चौथ्या डावाच्या आधी त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा सात.

"हा बटणाखाली रिकामा चौकोन आहे, तो कशाचा? दाबलं तर काहीच होत नाही."

"दुसऱ्या बटणाची जागा आहे ती, साहेब," पाना म्हणाली. "तुमच्याकडेही ते नाहीये, म्हणून आम्ही काढलं नाही."

"याची मी नोंद..." व्यवस्थापक म्हणाले, आणि स्वतःच थांबले.

बाई पुढे आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, खालीही आणला नाही. चालकाला वजन सांगावे तसे सांगितले. "या खुर्चीत त्या दिवशी मी होते. भोंगा मी वाजवला. फोनवर सांगितलं म्हणून वाजवला, पण हात माझा होता. त्यानंतर मी तीन अर्ज केले. साहेबांनी आज चार डाव खेळले. त्यांना या खुर्चीत एकही डाव जिंकता आला नाही. मलाही येणार नाही. उद्या सकाळी आठला मी पुन्हा याच बटणासमोर बसणार आहे."

व्यवस्थापकांनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "किती दिवसांत बसेल ते?" त्यांनी विचारले. प्रश्न कुणाला होता ते स्पष्ट नव्हते. उत्तर भिंतीला टेकलेल्या बाईंच्या नवऱ्याने दिले. "तारा ओढायला दोन दिवस. सामान आणायला तुम्हाला किती लागतात, ते तुम्ही सांगा."

माणसे पांगल्यावर मुकादम थांबला.

"तुम्ही दाबलंत," तो म्हणाला.

"हो."

"तीन वर्षं रोज मी तुमच्या काट्यावर येतोय."

"हो."

"रोज नमस्कार करता. घरी सांगायचो मी, बाई फार मायाळू आहेत म्हणून." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "आधी सांगायचंत."

"सांगायला हवं होतं."

तो निघून गेला. बाईंनी त्याला थांबवले नाही, आणि रडल्याही नाहीत. सभागृह सहापर्यंत रिकामे करून द्यायचे होते. त्यांनी पानाला हाताशी घेतले आणि दोघी संगणकांच्या तारा गुंडाळू लागल्या.

दुसरे बटण एकविसाव्या दिवशी बसले. ते लाल आहे. त्याचा आवाज तुटक आहे, आणि तो ऐकला की फाटकाकडे जायचे नसते, हे आता शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. छपरावर दोन निशाणे आली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सराव होतो. पहिल्या सरावाला शेडमधली एकशे बारा माणसे सव्वासहा मिनिटांत कुंपणाच्या बाजूने बाहेर पडली. बाईंनी वेळ लावली आणि खाली शेरा लिहिला : हळू. आता ती साडेतीन मिनिटांत निघतात. बाईंची नोकरी गेली नाही. व्यवस्थापकांना त्यांच्याशी बोलणे अवघड जाते, आणि बाईंना त्याचे काही वाटत नाही. पानाच्या गटाचा खेळ शेजारच्या दोन कारखान्यांनी नव्या कामगारांसाठी मागून नेला आहे. पुढच्या शिबिरासाठी एकतीस मुलांनी नावे दिली आहेत आणि नवऱ्याने या वेळी चारही पंख्यांची सोय आधीच करून ठेवली आहे.

सभागृहातल्या त्या रविवारनंतर बाई सातही घरी गेल्या. जे सगळ्यांसमोर सांगितले ते एकेका घरात बसून पुन्हा सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. एका घरी त्यांना बरेच काही ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनी घेतले. दुसऱ्या घरी एका विधवेने विचारले, की त्या वेळी खिडकीतून माझा माणूस दिसला का तुम्हाला. दिसला होता. बाईंनी दिसला म्हणून सांगितले, आणि तो पुढच्याला हात देत होता हेही सांगितले, कारण ते खरे होते. सहा घरांनी बाईंना आत घेतले. मुकादमाच्या घराने दार उघडले नाही. बाई तिथे तीनदा जाऊन आल्या आहेत.

अभियंत्याची बदली झाली. तो कुणाच्याही घरी गेलेला नाही. अहवालातले वाक्य दुरुस्त करावे असा अर्ज बाईंनी समितीकडे केला आहे, आणि तो प्रलंबित आहे. झडतीची रांग का लावली होती, बटण एकच का होते आणि तीन अर्ज येऊनही ते एकच का राहिले, याची कबुली सात घरांपैकी एकालाही व्यवस्थापनाने अद्याप दिलेली नाही. ते देणे बाकी आहे.